यादवकालीन ऐरण

"सर, हात लावायच्या आधी तिच्या पाया पडा," गावच्या शाळेचे निकम गुरुजी म्हणाले.

मी पडलो. ऐरणीच्या पाया पडण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. आमच्या अंगणात तेव्हा पाच जुन्या ऐरणी होत्या आणि सकाळी दात घासण्याच्या आधी मी त्यांना तेल लावत असे. आमची मंदा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लोक कुत्री पाळतात, आमच्या ह्यांनी लोखंड पाळलंय. बरं, चोर आला तर भुंकणारही नाही."

खोडवे बुद्रुक या गावाशी माझा काडीचा संबंध नव्हता. मी तालुक्याच्या आयटीआयमध्ये लोहारकाम शिकवून निवृत्त झालेला मास्तर. एका क्लबात मी 'जुन्या ऐरणी कशा ओळखाव्यात' या विषयावर भाषण ठोकलं होतं. ऐकायला मोजकी मंडळी होती आणि त्यातले कणसे सरपंच शेजारच्या हॉलमधलं मधुमेह शिबिर समजून आत शिरले होते. पण शेवटपर्यंत बसले. जाताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "सर, आमच्या गावात यादवांच्या काळातली ऐरण आहे. तुम्ही नुसतं येऊन हो म्हणा."

आता यादवांची ऐरण म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाला घरी झोप कशी लागणार? गेलो. थंडीचे दिवस, ऊसतोडणीचा हंगाम, रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग. सरपंचांनी आधी गाव दाखवलं. महादेवाच्या देवळामागे कडुनिंबाखाली दगडाचा एक सुरेख नंदी कुशीवर पडला होता आणि त्याच्या पाठीवर कुणीतरी कुरडया वाळत घातल्या होत्या.

"हा बाहेर का?" मी विचारलं.

"शिंग मोडलं की हो त्याचं. खंडित झाला. मग देवापुढं कसा ठेवायचा? नवा बसवलाय, सिमेंटचा. डोळं बघा कसं काढल्यात."

नव्या नंदीचे डोळे नुकतीच वीजबिलं पाहिल्यासारखे होते.  मग एसटी स्टँडसमोरचा चौक. तिथे फरशा लावलेला एक उंच खांब उभा होता, पायथ्याशी गुरुजींनी खडूने यादवांचं नाव आणि साल लिहिलेला फळा होता आणि खांबाच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

"हितं ऐरण," सरपंच म्हणाले. "खांब तयार, आमदार तयार, सोनेरी रंग तयार. माघातल्या जत्रेला अनावरण. शेजारच्या गावात तोफ आहे, त्यांची मिजास लई वाढलीय. तुमचं एक मत मिळालं की आज ट्रॅक्टर घालून ऐरण उचलायची."

"सोनेरी रंग ऐरणीला?"

"मग काय तसंच काळं ठेवायचं?"

मी मनातल्या मनात माझ्या पाचही ऐरणींची माफी मागितली.

लोहाराची भट्टी स्टँडच्या मागेच होती. पत्र्याची शेड, तीन बाजूंनी उघडी. पाया पडून मी मान वर केली तर ऐरणीच्या पलीकडे साठीची एक बाई सांडशी हातात धरून माझ्याकडे बघत होती. या केराबाई लोहार, गावाच्या केराक्का. नवरा गेल्यापासून भट्टी त्याच चालवत. शेजारी घण घेऊन उभी असलेली उंच, गप्प बाई म्हणजे त्यांची सून रंजना. दोघींच्या पायांशी कोयत्यांचा ढीग पडला होता. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की अख्ख्या पंचक्रोशीचे कोयते इथे यायचे.

"थांबवू का काम?" केराक्कांनी विचारलं.

"छे, छे, चालू द्या. मला बघायचंच आहे."

त्यांनी भट्टीतून लाल झालेलं पातं काढून ऐरणीवर धरलं. उजव्या हातातल्या लहान हातोडीने पात्यावर एका जागी टिचकी मारली. त्याच जागी रंजनाचा घण आला. हातोडी बोटभर सरकली, घणही बोटभर सरकला. दोघी एक शब्द बोलत नव्हत्या.

"चुकत नाही कधी?" मी रंजनाला विचारलं.

ती नुसती हसली. उत्तर सासूने दिलं. "मी जितं हातोडी लावीन तितं घण. तिनं ईचार करायचा न्हाई. ईचार केला की माझं बोट गेलं."

सरपंचांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. गुरुजी चहा सांगायला गेले. ते वळले आणि केराक्का ऐरणीला वळसा घालून माझ्याजवळ आल्या.

"सर, तुमी जुनं वळखता म्हनं."

"थोडंफार."

"मग येक करा. ही नवी हाय म्हनून सांगा."

"नवी?"

"व्हय. माझ्या लग्नानंतर आणली म्हना. काय बी म्हना. जुनी म्हनला की गेली बगा खांबावर."

"पण ही तुमची आहे ना? मग तुम्ही नाही म्हणा."

"आमची कुठली! बलुत्याच्या वक्ताला गावानं लोहार बसिवला आन ऐरण बी गावानं दिली. समदी म्हनत्यात गावची हाय. म्या बी न्हाई कसं म्हनू?"

"सरपंच दुसरी देणार असतील की."

त्यांनी बोट दाखवावं तशी सांडशी कोपऱ्याकडे केली. तिथे हिरवा रंग दिलेली कोरी ऐरण होती. "दिलीया न्हवं. वाजवून बगा."

मी हातोडी घेऊन तिच्यावर मारली. थप्प. ओतीव बिडाची, चिखलावर मारल्यासारखी. मग मी जुनीवर मारली. टण्ण करून आवाज शेडबाहेर गेला आणि हातोडी माझ्या हातात आपोआप वर उडाली.

"कळलं?" केराक्का म्हणाल्या. "हिच्यावर घण आपला आपुन वर येतो. निम्मं काम तीच करती. त्या हिरवीवर समदा हिसका खांद्यात. दोन दिस मारून बगितलं, रंजीचं हात सुजलं. ही गेली की भट्टी इजली. मग आमी सासूसुना ऊस तोडाय जायचं, आमीच केल्याल्या कोयत्यानं."

 मी खोटारडा नाही असं नाही. मंदाला ऐरणींच्या किमती मी कधीच खऱ्या सांगितलेल्या नाहीत. पण ऐरणीच्या वयाबद्दल मी आजवर कधी खोटं बोललेलो नाही. तेवढ्यात गुरुजी चहा घेऊन आले आणि तो प्रश्न तसाच राहिला.

"बघा सर," गुरुजी ऐरणीच्या कुशीकडे बोट करून म्हणाले, "हा पुरावा. मी स्वतः शोधला."

ऐरणीच्या बाजूवर दरवर्षीच्या खंडेनवमीचं हळदकुंकू आणि तेल यांचं पिठल्यासारखं पुट चढलं होतं. गुरुजींनी त्यात नखाने एक खिडकी केली होती. मी केराक्कांकडून रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश मागितला. पुट निघालं, मी खडूची पूड चोळली आणि बॅटरी आडवी धरली. आकडे स्पष्ट दिसले. एक, मग दोन, मग चौदा. मध्ये टिंबं.

"शके बाराशे चौदा!" गुरुजींचा आवाज भरून आला. "तेव्हा देवगिरीवर कोण होतं? यादव!"

"गुरुजी, आकडे इंग्रजी आहेत."

"यादवांचा परदेशांशी व्यापार होता."

"आणि ही टिंबं?"

"त्यांना शोभेची आवड होती."

मी चहा संपवला. ऐरणीवरचं हे गणित फार साधं आहे आणि ते माहीत नसलं की जगभरातली माणसं हीच चूक करतात. विलायतेत ऐरणीवर तिचं वजन कोरायची पद्धत होती. पहिला आकडा एकशे बारा पौंडांच्या मापाचा, दुसरा त्याच्या पाव मापाचा, म्हणजे अठ्ठावीस पौंडांचा, आणि तिसरा सुट्या पौंडांचा. गुरुजींनी ज्याला यादवांचं साल समजलं ते ऐरणीचं वजन होतं. हे कळल्याबरोबर मी मनातून एकदम खूश झालो. खोटं बोलायची गरजच नव्हती! यादवांचा फुगा फुटला की खांब रिकामा आणि ऐरण केराक्कांची.

आणि इथेच मी थांबायला हवं होतं. पण हाताला सवय असते. मी ऐरणीच्या वरच्या पाटावरून बोट फिरवत शेपटाकडे गेलो. तिथे हत्यार बसवायचं चौकोनी भोक होतं. त्याच्या शेजारी एक लहान गोल भोक असतं, नाल ठोकणाऱ्यांच्या सोयीचं. मी चाचपलं. परत चाचपलं. गोल भोक नव्हतंच. ही सोय विलायती ऐरणींवर साधारण दोनशे वर्षांपूर्वी आली. त्याच्या आधीच्या ऐरणी मी फक्त फोटोत बघितल्या होत्या.

"दोनशे वर्षं!" मी ओरडलो. "अहो, ही दोनशे वर्षांची आहे! गोल भोकच नाही हिला!"

मान वर केली तर दारात कणसे सरपंच उभे. केराक्कांनी डोळे मिटून घेतले होते.

"किती म्हणालात?" सरपंचांनी विचारलं.

मी सावरायचा प्रयत्न केला. "सरपंच, आधी हे ऐका. ही यादवांची नाही. हे साल नव्हे, वजन आहे. ऐरण विलायतेहून आलेली आहे. गोऱ्यांची."

गुरुजी मटकन कोयत्यांच्या ढिगाशेजारच्या पेटीवर बसले. त्यांनी या ऐरणीवर एक पोवाडा लिहिला होता, हे मला नंतर कळलं. सरपंच मात्र जराही डगमगले नाहीत.

"म्हणजे ब्रिटिशकालीन," ते म्हणाले.

"तशा हजारो आल्या असतील इकडं."

"पण टिकली आमच्यात. तोफवाल्यांची तोफ किती जुनी?"

"दीडशेची म्हणतात," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले.

"मग झालं की!" सरपंचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "गोऱ्यांची तर गोऱ्यांची. उठा गुरुजी, फळ्यावर यादव पुसा आणि इंग्रज लिवा. ट्रॅक्टर बोलवा रे!"

गुरुजींच्या पोवाड्यात इंग्रज बसत नव्हते, तरी ते उठले. माझी अवस्था मात्र फार वाईट झाली. यादव असोत की इंग्रज, गावाला जुनं हवं होतं, आणि जुनं मीच काढून दिलं होतं. ट्रॅक्टर येईपर्यंत हळूहळू माणसं जमली. हलगीवाला आला, फोटोवाला आला. कुणीतरी मला नारळ दिला. मी तो हातात धरून बावळटासारखा उभा राहिलो.

केराक्का शांतपणे माझ्याजवळ आल्या. माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "सर, तुमी म्हनता तर ही लई मोलाची आसंल."

"फार मोलाची आहे, अक्का." मला खोटं बोलता येईना. "अंगाला पिटलेलं मऊ लोखंड आणि वर पोलादाची पाटी जोडलेली. दोन्ही एकजीव. आणि एवढ्या वर्षांत हिच्या कडा बघा, कुठे टवका नाही. धारेसारख्या आहेत. माझ्यासारखा माणूस सगळ्यात आधी कडाच बघतो."

"आन टवका उडाला आसता तर?"

"मग काय! शोकेसमधली वस्तू राहिली नाही ती. जमवणारे हातसुद्धा लावत नाहीत."

"आन कामाला?"

"कामाला काय होतंय? कोपऱ्यावर कोण काम करतं? मधला पाट चांगला असला की झालं."

"कोपरा लई कडक आसंल न्हवं?"

"कडक असतो म्हणूनच उडतो. त्यात थंडीचा तर फारच ठिसूळ," मी म्हणालो. मास्तरकी अंगात भिनलेली असते. कुणी प्रश्न विचारला की समोर कोण आहे आणि का विचारतंय, हे मी कधी बघितलंच नाही.

त्यांनी मान डोलावली आणि पदर खोचला.

चार तगडे गडी दोर घेऊन पुढे आले. ऐरण बाभळीच्या ओंडक्यावर बसवलेली होती. ते वाकणार इतक्यात केराक्का म्हणाल्या, "सरपंच, येक मागनं हाय."

"बोला की अक्का."

"आमच्या घरात ऐरण मुकी बाहीर काडत न्हाईत. शेवटचा घाव घालू द्या सासूसुनांला. मग न्या."

सरपंचांना ती कल्पना इतकी आवडली की त्यांनी फोटोवाल्याला पुढे ढकललं. "घाला, घाला! असा घाला की फोटोत आला पाहिजे."

गुरुजींनी टोपी काढली. हलगी थांबली. केराक्कांनी भट्टीतून एक लाल पातं काढलं, ऐरणीच्या मधोमध धरलं आणि हातोडी लावली. रंजनाचा घण पडला. टण्ण. परत हातोडी, परत घण. सगळ्या गावाने तो आवाज रोज ऐकलेला असणार, पण त्या वेळी कुणी हललं नाही. मग त्यांनी पातं उचललं आणि पाण्यात सोडलं. चर्र झालं. लोकांना वाटलं संपलं. मलाही वाटलं.

केराक्कांनी रिकाम्या ऐरणीच्या पुढच्या कोपऱ्यावर हातोडीची टिचकी मारली.

मी त्या टिचकीकडे बघत होतो आणि मला काय होणार ते कळलं. "अहो अक्का!" मी ओरडलो. हातातला नारळ खाली पडला.

रंजनाने विचार केला नाही. तिने घण पार डोक्यावरून आणला. मघा कोयत्यांवर तिने यातला निम्माही जोर लावला नव्हता, हे मला तेव्हा समजलं. खाडकन आवाज झाला आणि सुपारीएवढा तुकडा उडून मागच्या पत्र्यावर आदळला.

 फोटोवाल्याने सवयीने फोटो काढला.

"आरं द्येवा," केराक्का म्हणाल्या. "कोपरा उडाला."

सरपंच पुढे आले, वाकले, कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तुटलेल्या जागी पोलाद नव्या भांड्यासारखं चकाकत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.  दोनशे वर्षं लोहारांच्या कितीतरी पिढ्यांनी जो कोपरा जपला तो माझ्या डोळ्यांदेखत गेला होता, आणि कुठे मारायचं ते मीच शिकवलं होतं. मला खरोखर रडू येत होतं.

"सर, चालंल का हो असं?" त्यांनी विचारलं.

मी केराक्कांकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. भट्टीतले कोळसे सारखे करत होत्या.

"अनावरणाला पूजा आहे का?" मी विचारलं.

"आहे की. भटजी सांगितलेत, होम सांगितलाय. आमदार सपत्नीक बसणार."

"मग ते भटजींना विचारा. मी ऐरणीतला माणूस. देवळामागच्या नंदीचं तुम्ही जे केलं ते कशामुळं, ते तुम्हाला ठाऊक."

गुरुजींनी टोपी डोक्यावर घातली. "खंडित झाली," ते म्हणाले. आणि हा शब्द एकदा उच्चारल्यावर तो गर्दीतून मागेपर्यंत गेला. खंडित झाली. खंडित झाली. दोर घेतलेल्या गड्यांनी दोर खाली ठेवले, एकाने तर हातही पुसले.

सरपंचांनी कोपऱ्याकडे बघितलं, मग केराक्कांकडे. ते मूर्ख नव्हते. पण सगळ्या गावासमोर एका लोहारणीला 'तू मुद्दाम केलंस' म्हणायचं, तर तिने टिचकी मारली होती आणि घण सुनेने मारला होता. आणि घाव घालायची परवानगी दिली होती त्यांनी स्वतः, फोटोसकट.

"अक्का, नीट बघून मारायचं की वं," ते शेवटी म्हणाले.

"वय झालं आता, सरपंच. दिसत न्हाई नीट."

ट्रॅक्टर रिकामा गेला. त्याच्या पुढे हलगी वाजवावी की नाही, हे हलगीवाल्याला कळेना, म्हणून त्याने थोडी वाजवली.

त्या जत्रेला खांबावर ऐरण बसलीच, पण सिमेंटची. आता इतकी वर्षं झाली, तरी मी त्या रस्त्याने गेलो की मान वर करून बघतो. सोनेरी रंग, आत पोकळ, आकार शिवणयंत्रासारखा. बाजूवर 'शके १२१४' लिहिलं आहे, कारण फळा पुसायचा राहून गेला आणि गुरुजींचा पोवाडाही वाचला. तोफवाल्या गावाची मिजास उतरली म्हणतात.

त्या दिवशी मी मात्र सगळे गेल्यावरही शेडमध्ये रेंगाळत होतो. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. रंजना पुन्हा कोयत्याला भिडली होती. हातोडी लागत होती, घण पडत होता, ऐरण मघासारखीच टण्ण वाजत होती. आवाजात तसूभर फरक नव्हता. मी कान देऊन ऐकला, दहादा ऐकला.

"अक्का," मी शेवटी म्हणालो, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

त्यांनी पातं भट्टीत सारलं आणि पहिल्यांदाच खाली बसल्या. 

"माझ्या सासूनं मला ती कड दाखवून सांगितलं हुतं, जीव गेला तरी हिला टवका पडू दिऊ नगं," त्या म्हणाल्या. "म्या चाळीस वरीस जपली की, सर."

मग त्यांनी पदराने डोळे टिपले, मागच्या पत्र्यापाशी वाकून तो उडालेला तुकडा हुडकला, राखेने पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "जुनी हुती तेवढी तुमी न्या. ऱ्हायल्याली माझी हाय."